कोंड्यात दडलंय काय?



‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण तुम्ही मराठीच्या पेपरात कधी ना कधी वापरली असेल. भूक कडकडून लागली की कोंडाही गोड लागतो आणि झोप अनावर झाली की दगडाची उशीही चालते, असा तिचा अर्थ. म्हणजे बघा, या म्हणीत कोंड्याची जागा अगदी शेवटच्या पंगतीत! दुसरं काहीच मिळालं नाही तर खायची वस्तू. एरवी तो चाळणीतून थेट गाईच्या आंबोणात जायचा.

आज आपण या शेवटच्या पंगतीतल्या पाहुण्याची जरा चौकशी करणार आहोत. आणि सुरुवात करायची आहे एका साध्या प्रश्नापासून.

गिरणीत पाठवताना आई काय सांगते? “गहू दहा किलो दळ, पण बाजरी दोनच किलो हं!” असं का? गव्हाचं पीठ महिनाभर डब्यात खुशाल राहतं. बाजरीचं पीठ मात्र आठ-दहा दिवसांत वास मारू लागतं आणि त्याची भाकरी कडू लागते. गंमत म्हणजे तीच बाजरी अख्खी असताना कणगीत वर्षभर टिकते. जात्यातून किंवा चक्कीतून बाहेर पडली की तिला काय होतं? उत्तराची घाई नको. ते शोधायला आधी दाण्याच्या आत शिरावं लागेल.

डबा घेऊन निघालेलं बाळ

दाणा आपल्यासाठी अन्न असला, तरी झाडाच्या लेखी ते बी आहे. झाडाचं बाळच म्हणा ना! या बाळाला एक दिवस मातीत पडायचं, रुजायचं आणि पहिलं पान फुटेपर्यंत स्वतःच्या शिदोरीवर जगायचं असतं. म्हणून प्रत्येक दाण्यात तीन गोष्टी असतात.

पहिली म्हणजे अंकुर, म्हणजेच ते बाळ. गव्हाच्या दाण्याच्या टोकाशी जो छोटासा ठिपका दिसतो, तो हाच. दुसरी म्हणजे बाळाची शिदोरी. दाणा फोडला की आत दिसणारा पांढरा भाग तो हा. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला भ्रूणपोष म्हणतात. आणि तिसरी म्हणजे शिदोरीभोवतीची साल. ती एकपदरी नसते. एकावर एक चिकटलेले कितीतरी पातळ थर असतात. हे थर निघाले की त्यांनाच आपण कोंडा म्हणतो. (भातावरचं टरफल, म्हणजे तूस, हे वेगळं बरं का! ते काढल्यावर तांबूस तांदूळ दिसतो. त्यावरची तांबूस साल हा तांदळाचा खरा कोंडा.)

१०० ग्रॅम गहू घेतला, तर त्यात शिदोरी सुमारे ८३ ग्रॅम, कोंडा १४-१५ ग्रॅम आणि अंकुर जेमतेम अडीच ग्रॅम भरतो. मैदा करताना कोंडा आणि अंकुर दोन्ही वेगळे काढून फक्त शिदोरी ठेवतात. पांढऱ्याशुभ्र तांदळाचंही तसंच. आता तुम्ही म्हणाल, “त्यात काय बिघडलं? शंभरातले ८३ तर आपल्याकडेच राहिले!” चला, हिशेब तपासू या.

शिदोरी उघडून पाहू

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपण खातो त्या शेकडो पदार्थांचं रासायनिक पृथक्करण करून या संस्थेने २०१७ मध्ये कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यातले काही आकडे इथे देतो. १०० ग्रॅम धान्यात सुमारे किती ग्रॅम काय, ते पाहा.

बाजरी: प्रथिने ११, स्निग्ध पदार्थ ५.४, तंतुमय पदार्थ ११.५
ज्वारी: प्रथिने १०, स्निग्ध पदार्थ १.७, तंतुमय पदार्थ १०.२
गहू: प्रथिने १०.६, स्निग्ध पदार्थ १.५, तंतुमय पदार्थ ११.२
नाचणी: प्रथिने ७.२, स्निग्ध पदार्थ १.९, तंतुमय पदार्थ ११.२
पांढरा तांदूळ: प्रथिने ७.९, स्निग्ध पदार्थ ०.५, तंतुमय पदार्थ २.८
मैदा: प्रथिने १०.४, स्निग्ध पदार्थ ०.८, तंतुमय पदार्थ २.८

याशिवाय प्रत्येकात दहा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. हो, कोरड्या खडखडीत दाण्यातसुद्धा! आणि उरलेला सगळ्यात मोठा वाटा, ६० ते ७८ ग्रॅम, असतो पिष्टमय पदार्थांचा, म्हणजे स्टार्चचा.

आता डोळे उघडे ठेवून आकडे वाचा. गहू आणि मैदा यांची तुलना करा. प्रथिने जवळजवळ तेवढीच. पण तंतुमय पदार्थ एकदम एक चतुर्थांशावर आले! म्हणजे कोंड्याबरोबर सगळं सारख्या प्रमाणात जात नाही. काही गोष्टी जशाच्या तशा राहतात, तर काही जवळपास साफ होतात. हिशेब नुसत्या वजनाचा करून भागत नाही, तो असा.

दुसरी गोष्ट, बाजरीतला स्निग्ध पदार्थांचा आकडा बघा. गव्हाच्या साडेतीन पट! हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या चोराचा माग इथूनच लागणार आहे.

आणि नाचणीची एक खास बात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गव्हात असतं ३९ च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात साडेसात. तान्ह्या बाळांना आजी नाचणीची पेज का भरवते, ते कळलं ना?

बाजरी कडू कशी होते?

बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग त्या मानाने मोठा असतो. दाण्यातलं तेल मुख्यतः या अंकुरात साठवलेलं असतं. दाण्यातच एक विकरही असतं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारं प्रथिन. या विकराचं नाव लायपेज. तेलाच्या रेणूंचे तुकडे करणं हे त्याचं काम. बी रुजताना बाळाला तेल वापरता यावं, म्हणून निसर्गानेच त्याला नेमलेलं असतं.

दाणा अख्खा असतो तोवर तेल एका खोलीत आणि लायपेज दुसऱ्या खोलीत. मधे भिंत. पण गिरणीच्या दगडांत भरडले गेलो की कसली भिंत आणि कसली खोली! तेल आणि लायपेज एकत्र येतात आणि तेलाचे तुकडे पडू लागतात. याला म्हणतात मेदाम्लं सुटी होणं. शिवाय आता पिठाच्या कणाकणाला हवा लागते. हवेतला ऑक्सिजन या सुट्या मेदाम्लांवर तुटून पडतो. या क्रियेचं नाव ऑक्सिडीकरण. खोबरं खवट होतं, शेंगदाण्याचा जुना कूट वास मारतो, तळणीचं तेल उघडं राहिलं की बिघडतं, ते सगळं यानेच. बाजरीत मुळात तेल जास्त, म्हणून तिच्या पिठावर ही पाळी लवकर येते. गव्हात तेल कमी, म्हणून त्याचं पीठ सावकाश बिघडतं.

झाला आईच्या हुकमाचा उलगडा! आणि आणखी एक. दाणे आधी नीट भाजले, तर उष्णतेने लायपेजचा घास होतो. मग पीठ जास्त दिवस टिकतं. थालीपिठाची भाजणी डब्यात इतके दिवस चांगली राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

साखळीची शिवाशिवी

आता जरा ऑक्सिडीकरणाच्या पोटात शिरू. सहलीला निघताना बाई सगळ्यांना दोघादोघांच्या जोडीने उभं करतात ना? रेणूंमधल्या इलेक्ट्रॉननाही असंच जोडीने राहायला आवडतं. पण कधीकधी एखाद्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो. अशा रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात. तो भलता उतावळा असतो. शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन खेचून तो आपली जोडी पुरी करतो. पण त्यामुळे शेजाऱ्याची जोडी फुटली! आता तो तिसऱ्याकडे धावतो, तिसरा चौथ्याकडे. साखळीची शिवाशिवी खेळताना एकाला धरलं की तो दुसऱ्याला धरतो आणि साखळी वाढतच जाते, तसंच हे. तेलाच्या एका थेंबात ही साखळी सुरू झाली की असंख्य रेणू बिघडवूनच थांबते.

ही साखळी तोडायची कशी? त्यासाठी एक समजूतदार गडी हवा. जो म्हणेल, “घे बाबा माझ्यातला इलेक्ट्रॉन. मी एकटा राहीन, पण दुसऱ्याची जोडी फोडणार नाही.” असे समजूतदार रेणू खरोखरच असतात. त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या रचनेत अणूंचं कडं असतं. एकटा पडलेला इलेक्ट्रॉन त्या कड्यावर पसरून राहतो, म्हणून तो रेणू उतावळा होत नाही. पळापळ तिथेच थांबते.

पण एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक समजूतदार गडी असा फारच थोड्या वेळा उपयोगी पडतो. तो खर्च होत जातो. म्हणून तर बाजरीच्या पिठात अँटिऑक्सिडंट असूनही ते कायमचं टिकत नाही. शिवाय लायपेजची कात्री त्यांना थोपवता येत नाही. ते थोपवतात फक्त ऑक्सिडीकरण.

पहारेकरी उंबरठ्यावरच

हे अँटिऑक्सिडंट दाण्यात असतात कुठे? तुमच्या घराचा रखवालदार कुठे बसतो, ते आठवा. माजघरात की फाटकाशी? फाटकाशीच! दाण्याचंही तसंच. ऊन, कीड, बुरशी आणि हवा हे सगळे बाहेरून येतात, म्हणून झाडाने आपले पुष्कळसे पहारेकरी सालीत आणि अंकुरात बसवले आहेत. मधल्या पांढऱ्या शिदोरीत ते फार थोडे.

यातल्या काहींची ओळख करून घेऊ.

गहू आणि मका यांच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. नाव परकं वाटतं ना? पण त्याचं मूळ तुमच्या फोडणीच्या डब्यात आहे! शास्त्रज्ञांनी १८६६ मध्ये हे आम्ल प्रथम वेगळं काढलं ते हिंगातून. हिंगाच्या झाडाची शास्त्रीय प्रजाती फेरुला, त्यावरून हे नाव पडलं. कोंड्यात मात्र ते मोकळं नसतं. पेशींच्या भिंतीतल्या तंतूंना ते घट्ट चिकटलेलं असतं. आपल्या जठरात त्यातलं बरंचसं सुटतच नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथले जिवाणू त्याला थोडंथोडं मोकळं करतात.

अंकुरात ई जीवनसत्त्व असतं. तेलात विरघळणारा हा पहारेकरी तेलाच्या रेणूंमध्येच उभा राहून त्यांची राखण करतो. जिथे ऐवज, तिथेच पहारा!

नाचणीचा तांबूस-तपकिरी रंग तिच्या सालीतल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांशी जोडलेला आहे. मणिपूरचा ‘चाखाओ’ हा काळा तांदूळ माहीत आहे? २०२० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा काळा-जांभळा रंग अँथोसायनिन या अँटिऑक्सिडंटमुळे असतो. जांभळा कोबी आणि जांभूळ यांना रंग देणारी द्रव्यं याच कुटुंबातली.

आणि ज्वारी? काही लालसर-तपकिरी ज्वारींच्या सालीखाली टॅनिन असतं. चहा जास्त उकळला की जिभेला जो तुरटपणा जाणवतो, त्याच जातीचं हे द्रव्य. ते जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे. पाखरं अशा ज्वारीकडे फारशी फिरकत नाहीत. पण थांबा, टाळ्या वाजवू नका! टॅनिन प्रथिनांना चिकटून बसतं आणि त्यांचं पचन अवघड करतं. म्हणजे जे झाडाच्या सोयीचं, ते नेहमी आपल्याही सोयीचं असेलच असं नाही. सोलापूरकडची प्रसिद्ध मालदांडी ज्वारी पांढरी, मोत्यासारखी असते. तिची भाकरी गोड लागते, तुरट नाही.

करून पाहा

प्रयोग पहिला: बाजरीची जादू. तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक चमचा बाजरीचं पीठ टाका. पहिलीत नुसतं पाणी घाला. दुसरीत पाणी आणि लिंबाचा रस. तिसरीत पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा. ढवळून पंधरा मिनिटं ठेवा. साध्या पाण्यात पीठ राखाडीच राहील. सोड्याच्या वाटीत पिवळट-हिरवी झाक येईल. लिंबाच्या वाटीत राखाडीपणा कमी होऊन पीठ फिकट दिसेल. हा रंगांचा खेळ करतात बाजरीतली फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं. तीही अँटिऑक्सिडंटच! म्हणजे ज्यांच्याबद्दल नुसतं वाचत होतो, ते पहारेकरी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

प्रयोग दुसरा: कणीक धुवा. मुठीएवढी घट्ट कणीक मळा. अर्धा तास झाकून ठेवा. मग परातीत पाणी घेऊन त्यात तो गोळा हळूहळू चोळून धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. हातात उरेल च्युइंगमसारखा ताणला जाणारा चिवट गोळा. ते ग्लुटेन, गव्हाचं प्रथिन. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने १७२८ मध्ये हाच प्रयोग सांगितला होता. तोवर प्रथिनांसारखा पदार्थ फक्त प्राण्यांत सापडतो, अशी समजूत होती! आता हेच ज्वारीच्या पिठाचं करून पाहा. गोळा हातात राहतच नाही, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते.

जावा बेटावरच्या कोंबड्या

“बरं, पहारेकरी गेले तर गेले. पांढरा भात दिसतो किती छान!” असं कुणी म्हणेल. असंच म्हणणाऱ्या जगाला एकदा फार मोठी किंमत मोजावी लागली होती.

एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या आल्या. उखळात सडलेल्या तांदळावर थोडा कोंडा राहायचा. गिरणीतला तांदूळ मात्र शुभ्र, चकचकीत! आणि आशियात बेरीबेरी हा रोग फैलावला. पाय लुळे पडायचे, अंगावर सूज यायची, हृदय थकायचं. सैनिक, खलाशी, कैदी हजारोंनी आजारी पडत आणि मरत.

जावा बेटावर तेव्हा डच लोकांचं राज्य होतं. ख्रिस्तियान आइकमान हे डच लष्करी डॉक्टर तिथल्या बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जकार्तात, या रोगाचा जंतू शोधत होते. १८८९ च्या सुमाराला त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लुळ्या पडू लागल्या. मग एके दिवशी त्या आपोआप बऱ्या झाल्या! आइकमान चक्रावले. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधले काही महिने कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. त्यांना पुन्हा कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या चालू लागल्या.

पण कोंबड्यांवरून माणसांचं कसं सांगणार? जावामधले आरोग्य निरीक्षक फोर्डरमान यांनी शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत साधारण ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. कोंड्यासकट तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे एक! रोगाचं मूळ कुठल्या जंतूत नव्हतं. तांदळातून जे काढून टाकलं, त्यात होतं.

१९०१ मध्ये आइकमान यांच्यानंतर तिथे काम करणाऱ्या ख्राइन्स यांनी नेमकं सांगितलं, की कोंड्यात शरीराला अत्यावश्यक असं काहीतरी आहे. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांसाठी ‘व्हिटॅमिन’ हे नाव सुचवलं. १९२६ मध्ये कोंड्यातलं ते द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात हाती आलं. तेच थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

थायमिनचं काम अँटिऑक्सिडंटचं नव्हे. अन्नापासून ऊर्जा मिळवायला ते मदत करतं. पण राहतं त्याच मोहल्ल्यात, साल आणि अंकुराच्या आसपास. कोंडा फेकला की पहारेकऱ्यांबरोबर तेही गेलं.

आपल्या देशाशीही या गोष्टीचा धागा जुळलेला आहे. १९१८ मध्ये नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला. त्या खोलीतलं काम वाढत गेलं, १९५८ मध्ये ते हैदराबादला हललं आणि १९६९ मध्ये त्याला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं. वर ज्या कोष्टकातले आकडे वाचलेत, ते याच संस्थेचे! कोंड्याच्या कोड्यातून केवढी मोठी संस्था उभी राहिली, पाहा.

मग गोळीच घेऊ की!

“एवढं चावत बसण्यापेक्षा अँटिऑक्सिडंटची एक गोळीच गिळली तर?” हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. आपल्या शरीरातही फ्री रॅडिकल तयार होत असतात आणि ते पेशींना इजा करतात. मग बाहेरून अँटिऑक्सिडंट दिले तर रोग टळतील, असं वाटणं साहजिक होतं.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, काहींना ई जीवनसत्त्वाच्या, काहींना दोन्ही, तर काहींना नुसत्या पोकळ गोळ्या. १९९४ मध्ये निकाल आला आणि सगळे थक्क झाले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला! ई जीवनसत्त्वानेही तो कमी झाला नाही.

म्हणजे परीक्षानळीत जे घडतं, ते शरीरात तसंच घडेल याची खात्री नसते. कुठल्या पदार्थात अँटिऑक्सिडंटची ताकद किती, याची एक मोठी यादी अमेरिकेच्या शेती खात्याने प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये तिने ती स्वतःच मागे घेतली. त्या आकड्यांवरून आरोग्याबद्दल काहीच ठरवता येत नाही आणि जाहिरातवाले मात्र ते सर्रास वापरतात, असं लक्षात आलं म्हणून! पुढच्या वेळी खोक्यावर ‘अँटिऑक्सिडंटने भरपूर’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसलं, तर हे आठवा.

दुसऱ्या बाजूला, अख्खी धान्यं नियमित खाणाऱ्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह कमी आढळतात, असं देशोदेशींच्या पाहण्यांत दिसलं आहे. त्याचं श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंटना देता येत नाही. तंतू, जीवनसत्त्वं, खनिजं आणि पहारेकरी ही सगळी टोळी मिळून काम करते. क्रिकेटचा संघ अकरा जणांचा असतो. त्यातला एकच फलंदाज अकरा वेळा पाठवून सामना जिंकता येत नाही!

तर मग काय करायचं?

कोंडा चांगला म्हणून उद्यापासून वाटीभर कोंडा चघळायला लागू नका बरं! कोंड्यात फायटिक आम्लही असतं. ते लोहासारख्या खनिजांना धरून ठेवतं आणि पोटात सहज शोषू देत नाही. पण याची तोड आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. धान्य भिजवलं, मोड आणले किंवा आंबवलं की फायटिक आम्ल कमी होतं. मोड आणून केलेलं नाचणीचं पीठ, ज्वारीची आंबील, आंबवलेली घावनं, हे सगळे त्यातलेच प्रकार. जेवताना पानात लिंबाची फोड घेतली, तर धान्यातलं लोह शोषायलाही मदत होते.

घरी एक छोटी पाहणी करा. आठवडाभर वहीत लिहून ठेवा: रोज कुठलं धान्य खाल्लं आणि ते सालीसकट होतं की सालीविना? पोळी, भाकरी, भात, पाव, बिस्किटं, नूडल्स, सगळं लिहायचं. मैद्याची बिस्किटं लपवायची नाहीत! रविवारी आई-बाबांबरोबर बसून बेरीज करा. सालीविनाची बाजू फार जड झाली असेल, तर आठवड्यातले दोन दिवस भाकरीचे ठरवा. कणीक चाळायचीच असेल तर चाळणी जरा मोठ्या भोकांची घ्या. बाजरी, ज्वारी अख्खीच आणा, कोरड्या जागी ठेवा आणि लागेल तशी थोडी थोडी दळा. कुणाला डॉक्टरांनी गहू वर्ज्य सांगितला असेल किंवा पोटाचं पथ्य असेल, तर मात्र त्यांचंच ऐकायचं.

जाता जाता एक कोडं. गोव्यात आणि कोकणात उकडा तांदूळ खातात. भात आधी तुसासकट भिजवून उकडतात, मग वाळवतात आणि नंतर कांडतात. कांडताना याचाही कोंडा बराचसा निघून जातो. तरीसुद्धा उकडा तांदूळ खाणाऱ्या लोकांत बेरीबेरी कमी आढळत असे. असं का बरं झालं असेल? धागा एवढाच देतो: ब-१ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. आता डोकं खाजवा आणि तुमचं उत्तर कारणांसकट पोस्टकार्डावर लिहून पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात!